परीक्षानळी फुटते, मग कॉम्प्युटर का बिघडू नये?

मुलांच्या हातात स्क्रीन द्यावी की नाही, हा वाद सध्या बेळगावात पालकसभेपासून हळदीकुंकवापर्यंत सगळीकडे रंगतोय, आणि फार वाईट रंगतोय. एका बाजूला 'काढून घ्या' म्हणणारे आहेत. त्यांच्या हाती आता ऑस्ट्रेलियाचा दाखला लागलाय. १० डिसेंबर २०२५ पासून तिथं सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही, मग आपणच का गप्प बसायचं? दुसऱ्या बाजूला 'कोडिंग शिकवा' म्हणणारे. त्यांच्याकडे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आहे, सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणावं असं त्यात म्हटलंय, आणि बहुतेक वेळा खिशात एखाद्या क्लासचं फीपत्रकही असतं. हे दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचं पूर्ण एकमत आहे: यंत्र बिघडता कामा नये. पहिले ते कपाटात कुलपाआड ठेवतात, दुसरे ते सीलबंद टॅबच्या रूपात विकतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. नववी-दहावीतल्या मुलामुलींना बिघडवता येईल असा एक कॉम्प्युटर मिळाला पाहिजे, तो बिघडणार हे आधीपासून हिशेबात धरलेलं असलं पाहिजे, आणि त्याच्याशी झटापट करण्यात जाणारे तास रील्सच्या खात्यावर मांडू नयेत.

ऑस्ट्रेलियाचं आधी निकालात काढू, कारण तो कायदा न वाचताच सांगितला जातो. तो खात्यांविषयी आहे. लहान मुलांची खाती राहू न देण्याची जबाबदारी त्यानं कंपन्यांवर टाकलीय, दंडही कंपन्यांनाच आहे. कुठल्याही पोराच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यानं काढून घेतलेला नाही. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ 'काचेसमोर बसणं वाईट' असा लावून लोक मोकळे होतात, आणि मग सगळा हिशेब तासांत होतो: किती वेळ बसला? काय करत बसला होता, हे विचारायची गरजच उरत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं उदाहरण घेतो. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं वर्ष. एका ऑफिसातून टाकून दिलेला जुना डेस्कटॉप त्यानं घरी आणला. मशीन चालू व्हायचं, इंटरनेट जोडलेलं दिसायचं, पण एकही वेबसाइट धड उघडत नव्हती. जिथं जावं तिथं 'हे सुरक्षित नाही' असा इशारा. घरच्यांचं मत ठरलेलं: नेट खराब, मशीन खराब, आणि 'ते पोरगं काय करूलालंय दिवसभर त्यात घुसून?' त्यानं शेवटी कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. तारीख कित्येक वर्षं मागची. दुरुस्त केली तर चालायचं, बंद करून परत लावलं की पुन्हा मागं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला होता. आता सेल संपल्यानं वेबसाइट का उघडू नये? कारण प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, आणि भूतकाळात अडकलेल्या मशीनच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. सेल घड्याळवाल्याकडे मिळाला, चहाच्या दोन कपांच्या भावात. पण इंटरनेटवर कोण कुणावर कशाच्या आधारानं विश्वास ठेवतं, हे त्या मुलाला जे कळलं, ते 'इंटरनेटचे फायदे व तोटे' या पाच मार्कांच्या उत्तरात कुठं असतं? आणि त्याच्या या दुपारी कुणी रील्सच्या तासांत मोजणार असेल, तर मोजणाऱ्याची पट्टीच चुकली आहे.

ही खुडबूड सगळीकडे साधारण सारखीच असते. रॅम काढून तिचे पितळी दिसणारे दात खोडरबरानं घासायचे. पेन ड्राइव्हवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) घालून तिथूनच मशीन चालू करायचं. दोन सिस्टिम शेजारी बसवताना एक उडवायची, मग काळ्या पडद्यावरच्या दोन ओळींकडे बघत रात्र काढायची. कुणाच्या तरी मामाची हिशेबाची फाइल त्यात गेलेली असते, मग मामाची बोलणी. (मामांची बाजूही खरी असते, हे मान्य. हिशेबाचं मशीन आणि शिकायचं मशीन एकच असू नये.) अशा मशीनना आता तोटाही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षा-चिप नव्या जातीची लागते आणि प्रोसेसरही त्यातल्या त्यात अलीकडचा लागतो. त्यामुळे चांगली धडधाकट मशीन ऑफिसांतून, कॉलेजांतून भंगारात निघताहेत. त्यांतल्या बहुतेकांवर लिनक्स आरामात चालतं. भंगारवाल्याला ती किलोवर जातात.

आता समोरच्यांचं ऐकू. व्यसन खरं आहे. 'आमच्या आजोबांना कादंबऱ्यांची भीती वाटायची, वडिलांना सिनेमाची, तशीच ही' असा युक्तिवाद माझ्या बाजूचे लोक करतात. तो मला पटत नाही. कादंबरीला शेवटचं पान असायचं, सिनेमाचा खेळ संपला की लाइट लागायचे. बोटानं वर सारत राहायची पट्टी मात्र संपू नये अशीच बांधलेली आहे, आणि तुम्ही कुठं थबकता याची नोंद घेऊन ती पुढचा घास वाढते. याची भीती बाळगणारी आई अडाणी नाही. तिची खरी अडचण वेगळीच आहे: पाठीमागून पाहिलं तर गेम खेळणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा, दोघं सारखेच वाकलेले दिसतात. तिनं ओळखायचं कसं? उपाय अवघड नाही. 'किती वेळ?' ऐवजी 'काल काय अडलं होतं, आणि आज ते कुठं आलं?' असं विचारावं. रील्स बघणाऱ्याला याचं उत्तर देता येत नाही. खुडबुड्या पोराला उत्तर थांबवता येत नाही, आई कंटाळते. गेमवाल्यांबद्दलही जरा सबुरीनं घ्यावं. गेम जुन्या मशीनवर अडखळतो म्हणून ग्राफिक्सच्या सेटिंगात शिरलेला मुलगा तिथूनच रॅम आणि ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचतो. बरेचसे असेच आत येतात.

याहून जड आक्षेप मार्कांचा आहे. तो मी हलका करणार नाही. सीमाभागातल्या मराठी घरात मुलाच्या वाटा मोजक्या असतात. कर्नाटकात सरकारी नोकरी म्हटलं की कन्नडची परीक्षा आली. घरात शेती असली तर ती वाटण्या होत होत गुंठ्यांवर आलेली. मग उरतं काय? एसएसएलसी, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, सीईटी, इंजिनिअरिंग, आणि मग पुणे किंवा बेंगळूर. या शिडीची एक पायरी निसटली तर खाली जाळं नाही. शहरातल्या सुखवस्तू घरातला मुलगा एक वर्ष 'आवडीत' घालवू शकतो. खानापूर तालुक्यातल्या गावातून पहाटेची बस पकडून येणाऱ्याला ती चैन परवडते का? त्याच्या बापाला 'आधी मार्क आण, मग काय उघडायचं ते उघड' असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

या बापासमोर लोक हमखास लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव टाकतात. आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा माणूस; चित्रकला शिकायला मुंबईला गेला, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडावी लागली, यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला, तिथल्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं, आणि पुढं बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवता चालवता कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करू लागला. १९१० मध्ये नगरपालिकेनं जागा खाली करायला लावली, तेव्हा औंधच्या राजांनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावानं त्यांच्या नावाचा रस्ता ठेवला, कारखाना गमावला. गोष्ट उत्तम आहे, पण त्या बापाला ती उत्तर म्हणून देणं म्हणजे फसवणूक. लाखात एक किर्लोस्कर होतो, बाकीच्यांचं काय? थोरांच्या चरित्रावर कुणाच्या पोराचं करिअर बेतायचं नसतं.

म्हणून मी थोरांऐवजी उद्यमबागेकडे, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीकडे बोट दाखवतो. तिथल्या फौंड्र्यांत आणि मशीन शॉपमध्ये माझी हयात गेली. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिकचे सुटे भाग ज्या हातांनी इथं घडले, त्यांतले बहुतेक हात कुणाच्याही चरित्रात नाहीत. ते शिकले कसे? शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी चांगला जॉब कुणी देत नाही. त्याला रिजेक्ट झालेलं कास्टिंग देतात: लाव लेथला, घाल टूल, मोड. टूल मोडलं तर मिस्त्री शिवी देतो, पण टूल मोडणार हे त्यालाही ठाऊक असतं आणि मालकालाही. फौंड्रीत तर रिजेक्शनचं वेगळं रजिस्टरच असतं. कुठल्या साच्यात किती माल फुकट गेला, हवा अडकली की वाळू ढासळली, हे रोज लिहिलं जातं आणि फुकट गेलेला माल पुन्हा भट्टीत जातो. रिजेक्शन शून्य असलेली फौंड्री मी पाहिलेली नाही. कुणी तसं सांगितलं तर तिथं ओतकाम होत नसणार. म्हणजे आमच्या गावाला ही गोष्ट शिकवावी लागू नये. शिकणं आणि मोडणं एकाच खर्चात येतं, हे आमच्या हिशेबाच्या वह्यांतच लिहिलेलं आहे. मग तोच मालक घरी आल्यावर मुलाच्या मशीनवर पाच वर्षांची वॉरंटी, वर आणखी एक 'हात लावू नको' अशी ताकीद का चिकटवतो?

आणि मार्कांचं म्हणाल, तर मी ते सोडा असं म्हणतच नाही. दहावीच्या मुलानं आठवड्यातली एक दुपार खुडबुडीत घातली म्हणून सीईटीची रँक घसरत नाही. ती ज्यानं घसरते, ते प्रत्येक घरात खिशात असतं आणि त्याला स्क्रू नसतात. उलट, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर सायन्स घेतलेली आणि चार वर्षांत एकदाही मशीन न उघडलेली मुलं मुलाखतीत कुठं अडतात, हे मुलाखत घेणाऱ्या कुणालाही विचारा. 'हे चालत नाही, का चालत नसेल?' या प्रश्नाला त्यांच्याकडे सुरुवातच नसते. ज्याला चार शक्यता मांडून एकेक खोडता येते, तो दहावीत कुठंतरी काहीतरी बिघडवून बसलेला असतो.

शाळांकडे येतो, कारण खरी गाठ तिथं आहे. आपल्या देशात शाळेत कॉम्प्युटर आणायचा पहिला मोठा प्रयत्न १९८४ मध्ये 'क्लास' नावाच्या योजनेतून झाला. मशीन होती बीबीसी मायक्रो. त्या मशीनची खुबी अशी की चालू केलं की समोर बेसिक भाषेची रिकामी ओळ यायची. काही लिहिल्याशिवाय ते काहीच करायचं नाही. इंग्लंडमध्ये तशा मशीनवर घरोघरी पोरं बसली आणि प्रोग्रॅमरांची एक पिढी तयार झाली. आपण काय केलं? चपला बाहेर काढायला लावल्या. एसीची खोली, प्लास्टिकचं आवरण, किल्ली हेडमास्तरांकडे. तेच लिहायला लावणारं मशीन आपल्याकडे दुरून बघायची वस्तू झालं. पुढं खुद्द इंग्लंडातही मशीन गुळगुळीत आणि बंद होत गेली, आणि केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुलांना हातानं काही करून पाहायची सवय उरली नाही असं तिथल्या शिक्षकांच्या ध्यानात आलं. एबेन अप्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कार्डाएवढा स्वस्त बोर्ड काढला तो त्यावर उतारा म्हणून. तो उघडा ठेवला आहे, पेटी नाही, तारा दिसतात. बिघडलाच तर घरावर संकट येऊ नये एवढीच किंमत.

आपल्याकडेही २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झालेली. योजना चांगली आहे. नावातच टिंकरिंग आहे. पण लॅबच्या दारावरून कुठल्याही शिक्षकाला विश्वासात घेऊन विचारा की वस्तू कपाटात का आहेत. उत्तर मिळेल: डेड स्टॉक रजिस्टर. वस्तू आली की रजिस्टरात चढते. मोडली, हरवली, जळली की ती ज्याच्या ताब्यात, त्यानं खुलासा द्यायचा. तपासणीच्या दिवशी मोजदाद पूर्ण भरली पाहिजे. अशा वेळी कुठला शहाणा शिक्षक नववीच्या पोरांच्या हातात सोल्डरिंग आयर्न आणि उघडा बोर्ड देईल? त्याला दोष देऊ नका, तो पेन्शनपर्यंत पोचायचं बघतोय.

आता त्याच शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चला. तिथं परीक्षानळ्या फुटतात, बीकर तडकतात, थर्मामीटर तर फुटायलाच जन्माला आलेले. कुणाची चौकशी लागते का? नाही, कारण तिथं 'ब्रेकेज' नावाचा रकाना आहे. कॉलेजात त्यासाठी डिपॉझिट घेतात, शाळेत दरवर्षी काचसामान नव्यानं मागवतात. काच हाताळली की फुटणार, आणि मुलांनी ती हाताळल्याशिवाय रसायनशास्त्र येणार नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी मान्य केलं आणि हिशेबात बसवलं. कॉम्प्युटरच्या बाबतीत ते मान्य करायला आपण अजून तयार नाही. लॅबमधली दोन जुनी मशीन 'ब्रेकेज' म्हणून वेगळी लावा, त्यांचा पासवर्ड मुलांना द्या, आणि वर्षअखेरीस ती मेलेली सापडली तर लॅब चालली असं समजा. याला नवीन पैसा लागत नाही.

कुणी म्हणेल, शाळेची लॅब कशाला, ज्याला हौस आहे तो रिपेअरिंगच्या दुकानात बसून शिकेल. आम्ही तसेच शिकलो. इथं माझ्या भूमिकेवरचा सगळ्यात बिनतोड आक्षेप येतो, आणि तो एका कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी मला तोंडावर ऐकवला: 'तुमची ही खुडबूड पोरांची आहे. पोरी कुठं बसणार?' खरंच कुठं बसणार? रिपेअरिंगच्या दुकानात काउंटरमागं रात्री नऊपर्यंत स्टूल टाकून बसलेली दहावीची मुलगी मी बेळगावात पाहिलेली नाही. उद्यमबागेतल्या लेथवर तर नाहीच नाही. भावानं मशीन उघडलं तर 'हौस', बहिणीनं उघडलं तर 'पसारा'. कोडिंगचा क्लास कितीही पोकळ असो, तिथं निदान मुलगी पुढच्या बाकावर असते. ही गोष्ट मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच गल्लीवर आणि दुकानावर ही विद्या सोडून चालणार नाही. केरळनं २००० च्या दशकात आयटी अ‍ॅट स्कूल योजनेतून सरकारी शाळांत लिनक्स आणलं, शिक्षकांना ते बसवायला शिकवलं, आणि २०१८ पासून शाळाशाळांत 'लिटल काइट्स' नावाचे मुलामुलींचे गट उभे केले. काम शाळेच्याच छताखाली. दक्षिणेतलंच राज्य आहे, आपल्यासारखेच पगार, आपल्यासारखेच हेडमास्तर.

भाषेचा प्रश्न बेळगावात टाळताच येत नाही. १९५६ पासून आमचा १ नोव्हेंबर दोन रंगांचा असतो. कुणाचा राज्योत्सव, कुणाचा काळा दिवस. कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनं फलकावर साठ टक्के कन्नड सक्तीचं झाल्यापासून पट्ट्या घेऊन अक्षरं मोजणं हे इथलं नवं काम. मराठी कागदपत्रं मिळावीत ही मागणी न्याय्य आहे, ती मी करत आलोय, करत राहीन. पण या भांडणात लिपीचा जो विचार होतो तो रंगाच्या डब्यापुरता. खुडबुड्या पोरांना तीच लिपी आतून दिसते.

एक पीयूसीचा मुलगा आजोबांच्या जमिनीचा उतारा घेऊन बसला होता. उतारा कन्नडमध्ये, आजोबांना देवनागरीच वाचता येते. त्यानं पाहिलं की कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. देवनागरी 'क' २३२५, कन्नड 'क' ३२२१. 'ख' २३२६, कन्नड 'ख' ३२२२. सगळीकडे फरक तोच: ८९६. हा योगायोग नव्हे. १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणक बनवणाऱ्यांनी सगळ्या लिप्या एकाच क्रमात बसवल्या, आज सगळे कॉम्प्युटर वापरतात त्या युनिकोड या अक्षर-आकड्यांच्या तक्त्यानं तोच क्रम उचलला. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवरही मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकाच बटणावर आहेत. रस्त्यावर फलकाच्या टक्क्यांसाठी भांडणाऱ्या दोन लिप्या त्या तक्त्यात शिस्तीत शेजारी बसल्या आहेत. मुलानं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: कन्नड अक्षरातून ८९६ वजा कर. आडनावं, गावं देवनागरीत उमटली.

आणि मग ते मोडलं, म्हणून मी हे सांगतोय. जिल्ह्याचं नावच नीट येईना. कन्नडमध्ये 'बेळगावी'तला 'बे' ऱ्हस्व आहे, दीर्घाला वेगळी खूण आहे. वजाबाकी केल्यावर ऱ्हस्व ए देवनागरीतल्या अशा खुणेवर जाऊन पडला, जी मराठी कधी वापरत नाही. उलट्या दिशेनं मराठीतला मजकूर कन्नडमध्ये नेला तर 'ऑफिस' आणि 'कॉलेज' यांच्या जागी रिकामे चौकोन, कारण 'ऑ' मध्ये ८९६ मिळवले की जिथं जाऊन पोचतो तिथं कन्नडमध्ये अक्षरच नाही. कन्नड तिथं साधा काना देऊन भागवते. 'ॲप' तर जुन्या संस्कृत लेखनातल्या एका विसर्गासारख्या चिन्हावर जाऊन आदळलं. शेवटी मुलानं आपला मराठी मजकूर कन्नड करून शेजारच्या मित्राला वाचायला दिला, तर तो प्रत्येक शब्दाच्या शेवटचा 'अ' स्वच्छ उच्चारू लागला, कारण कन्नडमध्ये तो गिळत नाहीत. दोघं पोटभर हसले. कन्नड मराठीहून कुठं वेगळी आहे, हे या मुलाला शाळेतल्या सक्तीच्या कन्नडनं जेवढं शिकवलं त्याहून जास्त त्या संध्याकाळनं शिकवलं. आमच्या दोन्ही बाजूंच्या भाषावीरांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

'हे सगळं आता एआय एका ओळीत करून देतं', हा ताजा आक्षेप. देतं की. मीही वापरतो. तो चार ओळींचा प्रोग्रॅम मागितला तर पापणी लवायच्या आत मिळतो आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण 'कॉलेज'च्या जागी चौकोन आलाय हे बघणार कोण? तो चौकोन फॉन्टमुळे आला की आकड्यामुळे, हे वेगळं कसं करणार? फुकट मिळालेल्या उत्तरावर संशय घ्यायची सवय फुकट मिळत नाही. ती आधी स्वतःचं उत्तर मोडलेलं पाहिलेल्यालाच असते. कोड लिहून देणारी यंत्रं जितकी वाढतील तितकी बिघाड शोधणाऱ्याची गरज वाढेल, असं मला वाटतं. लेथवर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं चालणारी यंत्रणा आली तेव्हा उद्यमबागेत हेच झालं: बटण दाबणारे मुबलक झाले, आणि जॉब खराब का येतोय हे आवाजावरून ओळखणाऱ्या जुन्या टर्नरला दोन कारखाने मागायला लागले.

धोक्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते सोपे आहेत. ऊसपट्ट्यातली हुशार पोरं मिस्ड कॉलवर शेतातली मोटार चालू करणारी जुळणी घरी बनवतात, कारण थ्री-फेज रात्री-बेरात्री येते आणि बापाला अंधारात विहिरीवर जावं लागतं. कौतुक आहेच, पण ४१५ व्होल्टला पोरांनी हात लावायचा नाही. सिमचा बोर्ड आणि रिले त्यांचा, स्टार्टर वायरमनचा. कॉम्प्युटरमधली पॉवर सप्लायची पत्र्याची पेटी उघडायची नाही, वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. शेजाऱ्याचं वायफाय फोडणं ही खुडबूड नव्हे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एवढं एका कागदावर लिहून लॅबच्या भिंतीला लावलं की झालं. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये ॲसिडबद्दलचा कागद असतोच.

राहिला प्रश्न सुरुवात कुणी करायची. सरकारी शाळेला डेड स्टॉकचा नियम वरून बदलून यावा लागेल, त्याला वेळ लागेल. पण सीमाभागातली बरीचशी मराठी हायस्कुलं संस्थांची आहेत. देणगीतून आलेल्या जुन्या मशीनची नोंद कुठल्या वहीत करायची, हे तिथली कार्यकारिणी एका बैठकीत ठरवू शकते. मे महिन्यात, शाळा उघडायच्या आधी, ऑफिसांतून निघणारी चार मशीन मागून आणावीत, दोनाचे सुटे भाग करावेत, दोन चालू ठेवावीत. एक दुपार मुलींसाठी राखून ठेवावी, आणि त्या दुपारी 'मी लावून देतो' म्हणत पुढं येणाऱ्या भावांना बाहेर बसवावं. या कार्यकारिण्यांवर उद्यमबागेतले कारखानदार बसलेले आहेत. रिजेक्शनचं रजिस्टर कसं आखायचं, हे त्यांना कुणी येऊन सांगायची गरज नाही.